तीनशे लढतींचा रोजंदार

३१ ऑक्टोबर २००८ च्या संध्याकाळी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ॲस्टन व्हिला लेझर सेंटर या क्रीडागृहात व्यावसायिक मुष्टियुद्धाचे काही सामने झाले. त्यांत एक लढत अवघ्या चार फेऱ्यांची होती. ती संपली तेव्हा पंचाने एकोणचाळीस वर्षांच्या पीटर बक्लीचा हात उंचावला आणि प्रेक्षागृहात जल्लोष झाला. कोणतेही अजिंक्यपद पणाला नव्हते, कोणताही पट्टा कमरेस बांधायचा नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी या विजयाची दखल घेतली. बक्लीची ही तीनशेवी आणि अखेरची लढत होती आणि जवळपास पाच वर्षांनंतर प्रथमच तो जिंकला होता. एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीचा त्याचा हिशेब असा : ३२ विजय, १२ बरोबरी, २५६ पराभव.

काही वृत्तपत्रांनी त्याला 'जगातील सर्वांत वाईट मुष्टियोद्धा' असे नाव देऊन टाकले होते. आकड्यांकडे वरवर पाहणाऱ्यास ते पटेलही. परंतु आम्हांस वाटते की हे आकडे वाचण्याची रीतच चुकली आहे. दोनशे छप्पन्न वेळा हरलेल्या माणसाला दोनशे सत्तावन्नाव्यांदा बोलावणे का येते? त्याला कोण बोलावते, आणि कशासाठी पैसे मोजते? या साध्या प्रश्नांचा माग काढू लागलो की एका खेळाचा, किंबहुना एका धंद्याचा इतिहास उलगडत जातो. प्रस्तुत लेखात तोच थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दाच्या मुळाशी

बक्लीसारख्या योद्ध्याला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. गावोगाव फिरून लढणारा, म्हणजे प्रवासी, असा त्याचा अर्थ पुष्कळांना वाटतो. वास्तविक हा शब्द फ्रेंच भाषेतील 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या संघांत तीन पायऱ्या असत. प्रथम शिकाऊ उमेदवार, शेवटी स्वतःचे दुकान मांडणारा उस्ताद, आणि या दोहोंच्या मधला तो जर्नीमन. त्याच्या हातात कसब असे, पण दुकान नसे. तो दिवसाच्या मजुरीवर काम करी. आपल्या भाषेत त्याला 'रोजंदार कारागीर' म्हणता येईल. हा अर्थ ध्यानात घेतला की बक्लीच्या वहीतील आकडे निराळे दिसू लागतात. मग ते अपयशाचे आकडे राहत नाहीत. ती कामावरच्या हजेरीची नोंद ठरते.

पैजेपासून तिकिटापर्यंत

मुष्टियुद्ध इंग्लंडमध्ये वाढले ते पैजेच्या आधारावर. अठराव्या शतकात उघड्या मुठींनी लढणाऱ्या मल्लांमागे सरदार-उमराव पैसा लावीत. १७४३ साली जॅक ब्रॉटन याने पहिले लिखित नियम केले. त्यामागे एक शोकांतिका होती : त्याच्याशी लढल्यानंतर एका प्रतिस्पर्ध्याचा मृत्यू ओढवला होता. पुढे १८६७ साली क्वीन्सबेरीच्या मार्क्विसच्या नावाने ओळखले जाणारे नियम प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि खाली पडलेल्यास दहा अंकांची मुदत या गोष्टी त्यांतूनच रूढ झाल्या.

१८९१ साली लंडनमध्ये 'नॅशनल स्पोर्टिंग क्लब' स्थापन झाला. तेथे सभासद सायंकाळचा पोशाख करून भोजन उरकीत आणि मग लढती पाहत. त्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही हा योगायोग आम्हांस विचार करावयास लावतो. एकीकडे मजुरीचा विचार नव्याने सुरू होत होता आणि दुसरीकडे अंगावर ठोसे झेलणारा मजूर भोजनानंतरच्या करमणुकीचा विषय झाला होता.

१९२९ साली 'ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल' या नियामक मंडळाला आजचे स्वरूप आले आणि परवाना पद्धती स्थिरावली. दोन महायुद्धांमधला तो काळ मंदीचा आणि बेकारीचा होता. गावोगावच्या सभागृहांत आठवड्याला सामने होत. जत्रांमध्ये तंबू ठोकून मुष्टियोद्धे प्रेक्षकांतील कोणाही हौशी माणसाशी लढत. लेस्टर शहरातील लेन विकवार याच्या नावावर १९२८ ते १९४७ या काळात साडेचारशेहून अधिक लढतींची नोंद आहे. एवढ्या लढती अन्य कोणाच्या नावावर नाहीत. मात्र त्याने त्यांपैकी निम्म्याहून अधिक जिंकल्या होत्या, हे विसरता कामा नये. त्या काळी रोजंदार योद्धा आज जिंके, पुढच्या आठवड्यात हरे आणि पुन्हा जिंके. पराभवाने त्याची किंमत फारशी घटत नसे, कारण पुढचा सामना चार दिवसांवर असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र बदलले. दूरचित्रवाणी घराघरांत आली आणि छोटी सभागृहे ओस पडू लागली. लढतींची संख्या घटली, परंतु मोठ्या लढतीचे मोल वाढत गेले. मग बाजारात एका नव्या मालाला भाव आला. तो म्हणजे 'अपराजित' हे बिरुद. ज्याच्या नावापुढे पराभवाच्या रकान्यात शून्य आहे, अशाच तरुणाला दूरचित्रवाणीवर झळकवता येते, असा व्यापाऱ्यांचा ग्रह झाला. ते शून्य जपायचे तर तरुणाला सुरुवातीस पंधरा-वीस विजय हवेत. आणि गणित तर साधे आहे : बरोबरीचा अपवाद वगळता एका बाजूस विजय लिहायचा, तर दुसऱ्या बाजूस पराभव लिहावाच लागतो. हा पराभव आपल्या नावावर लिहून घेणारा माणूस म्हणजे आजचा रोजंदार मुष्टियोद्धा.

बक्लीच्या प्रतिस्पर्ध्यांची यादी हेच सांगते. नसीम हमीद त्याच्याशी १९९२ आणि १९९४ साली लढला आणि १९९५ साली जगज्जेता झाला. शेफील्डच्या केल ब्रूकने २००४ साली व्यावसायिक कारकिर्दीतील पहिलीच लढत बक्लीशी केली. पुढे २०१४ साली तोही जगज्जेता झाला. म्हणजे ज्या शाळेत हे विजेते शिकले, त्या शाळेतील एक मास्तर बक्ली होता. विद्यार्थी वरच्या वर्गात गेले. मास्तर त्याच वर्गावर राहिला.

तिकिटाच्या पैशाचा प्रवास

आता पैशाकडे वळू. २ मे २०१५ रोजी लास व्हेगास येथे मेवेदर आणि पॅकियाव यांची लढत झाली. ती घरबसल्या पाहण्यासाठी अमेरिकेतील सुमारे ४६ लाख ग्राहकांनी पैसे भरले. मुष्टियुद्ध म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे हेच झगमगते चित्र येते. परंतु ते त्या धंद्याचे शिखर आहे. पायथ्याशी निराळेच अर्थशास्त्र चालते.

इंग्लंडमधील एखाद्या छोट्या सभागृहातील सामने घ्या. तेथे दूरचित्रवाणीचा पैसा नसतो. उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणजे तिकिटे, आणि ती विकायची कोणी? तर त्या गावच्या उगवत्या योद्ध्याने. आयोजक त्याच्या हाती तिकिटांचा गठ्ठा देतो. नातलग, शेजारी, कामावरचे सोबती यांच्याकडे जाऊन ती खपवायची. विक्रीतून प्रथम त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा मोबदला आणि इतर खर्च वळता होतो आणि उरलेल्या रकमेतील वाटा त्याला मिळतो. तिकिटे खपली नाहीत तर अनेकदा त्याच्या हाती काहीच पडत नाही. विजेता म्हणून मिरवणारा तरुण त्या रात्री रित्या हाताने घरी गेला आणि हरलेला पाहुणा मात्र ठरलेली रक्कम घेऊन गेला, असे येथे सर्रास घडते.

पाहुण्याला तिकिटे विकावी लागत नाहीत. त्याची रक्कम आधी ठरलेली असते. हेच त्याच्या धंद्याचे बळ. २०१० नंतरच्या दशकात चार फेऱ्यांच्या लढतीला साधारण हजार ते दीड हजार पौंड असा दर बोलला जाई. रक्कम ऐकून कोणाचे डोळे विस्फारतील, म्हणून थोडे गणित करून पाहू. न्यूनिटन गावच्या क्रिस्टियन लाइट याने २००३ ते २०१८ या पंधरा वर्षांत बरोबर तीनशे लढती केल्या. १२ विजय, ९ बरोबरी, २७९ पराभव. म्हणजे वर्षाला सरासरी वीस लढती. अशा एखाद्या योद्ध्याला लढतीमागे हजार पौंड मिळतात असे धरले, तर वर्षाचे वीस हजार झाले. त्यातून रिवाजाप्रमाणे व्यवस्थापकाचे शेकडा पंचवीस आणि प्रशिक्षकाचे शेकडा दहा वजा केले की तेरा हजार उरतात. त्यातूनच परवान्याचे शुल्क, वैद्यकीय तपासण्या आणि कर भागवायचा. २०१६ साली इंग्लंडमध्ये पंचविशी उलटलेल्या कामगाराचे कायदेशीर किमान वेतन ताशी ७ पौंड २० पेन्स होते. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्या मजुरास त्या दराने वर्षाला जवळपास पंधरा हजार पौंड मिळत. म्हणजे डोक्यावर ठोसे न झेलता विटा वाहणारा माणूस या हिशेबात पुढेच राहतो.

म्हणूनच यांपैकी पुष्कळजण दिवसा दुसरे काम करतात. लंडनचा जॉनी ग्रीव्ह्ज रंगाऱ्याचे काम करी. त्याने शंभर लढती केल्या आणि त्यांपैकी शहाण्णव हरला. २०१३ च्या सप्टेंबरात यॉर्क हॉलमध्ये झालेली शंभरावी आणि शेवटची लढत मात्र त्याने जिंकली.

न पडण्याचे कसब

येथे वाचकांच्या मनात शंका येईल : मग या लढती ठरवून केलेल्या, आपल्याकडच्या नूरा कुस्तीसारख्या असतात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रोजंदार योद्ध्याला हरण्यासाठी लाच द्यावी लागत नाही; त्याची परिस्थितीच तेवढी व्यवस्था करून ठेवते. अनेकदा दूरध्वनी येतो तो एक-दोन दिवस आधी, क्वचित त्याच दिवशी. मागच्या आठवड्यातील सूज उतरलेली नसते. सभागृह परक्या गावचे, आरडाओरडा प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा. ब्रिटनमध्ये अशा छोट्या लढतींना गुण देतो तो एकटा पंच. चुरशीची फेरी बहुधा घरच्या योद्ध्याकडे झुकते. आणि पाहुणा वरचेवर जिंकू लागला तर आयोजकांचे बोलावणे थांबते, असे या व्यवसायातील जाणकार सांगतात. आपल्या तिकीटविक्या पोराला हरवणारा पाहुणा कोणाला हवा असेल?

पण एक गोष्ट त्याला कटाक्षाने टाळावी लागते. ती म्हणजे नॉकआऊट. पंचाने लढत मध्येच थांबवली किंवा योद्धा बेशुद्ध पडला, तर मंडळ त्याला सक्तीची विश्रांती देते. ती किमान अठ्ठावीस दिवसांची असते. आरोग्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु रोजंदाराच्या दृष्टीने तो महिनाभराची मजुरी बुडवणारा असतो. म्हणून गुणांवर हरायचे पण पडायचे नाही, हे त्याचे कसब. ठोसा येताना मान किंचित वळवणे, प्रतिस्पर्ध्याला बाहूंत अडकवणे, दोरांना टेकून श्वास घेणे, कापलेल्या भुवईला जपणे, यांत तो तरबेज होतो. ज्याला लोक 'वाईट मुष्टियोद्धा' म्हणतात, तो बचावाच्या विद्येत बहुधा विजेत्यापेक्षाही मुरलेला असतो.

देहाची वही

तथापि आम्ही या कसबाचे कौतुक करून थांबलो तर ते अर्धसत्य ठरेल. पैशाची वही एक. देहाची वही दुसरी. इंग्लंडमध्ये ए. एच. रॉबर्ट्स या डॉक्टरांनी १९२९ ते १९५५ या काळात परवाना घेतलेल्या योद्ध्यांपैकी २२४ जणांची तपासणी केली आणि १९६९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी शेकडा सतरा जणांत मेंदू व मज्जासंस्थेच्या इजेची लक्षणे आढळली. कारकीर्द जितकी लांब आणि लढती जितक्या अधिक, तितका धोका अधिक, असे त्यांना दिसून आले. म्हणजे प्रश्न केवळ एखाद्या भयंकर ठोशाचा नाही. रोजंदार योद्धा जी सोसणारी शरीरयष्टी आपले भांडवल मानतो, तीच त्याला अधिकाधिक ठोशांच्या वाटेवर ठेवते.

२१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन ख्रिस यूबँकशी लढताना जबर जखमी झाला. त्याच्या मेंदूवर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि तो दीर्घकाळ अपंगावस्थेत राहिला. रिंगणाजवळ वेळेवर योग्य उपचार मिळण्याची तजवीज मंडळाने केली नव्हती, असा दावा त्याने लावला. २००० साली अपील न्यायालयाने मंडळास जबाबदार धरले. मंडळापाशी पुरेसा पैसा नव्हता. अखेर २००१ साली चार लाख पौंडांवर तडजोड झाली. मंडळास लंडनमधील आपली कचेरी विकून कार्डिफला जावे लागले. आज ब्रिटनमधील प्रत्येक सामन्यास डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर असते, मेंदूची नियमित तपासणी होते. या सुधारणांची खरी किंमत वॉटसनने चुकवली.

विजेत्याचे तरी काय झाले?

कोणी म्हणेल, रोजंदाराची ही गत झाली कारण तो जिंकला नाही. बक्लीच्या बर्मिंगहॅमपासून फार दूर नसलेल्या लेमिंग्टन स्पा गावचा रँडॉल्फ टर्पिन याचे उदाहरण पाहू. १० जुलै १९५१ रोजी त्याने लंडनमध्ये शुगर रे रॉबिन्सन या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याला हरवले आणि तो जगज्जेता झाला. देशाने त्याला डोक्यावर घेतले. अवघ्या चौसष्ट दिवसांनी न्यूयॉर्कमधील परतीच्या लढतीत त्याचे अजिंक्यपद गेले. पैसा पुष्कळ आला होता, पण तितक्याच वेगाने तो गेला. मागाहून प्राप्तिकराची थकबाकी दत्त म्हणून उभी राहिली. १९६२ साली तो दिवाळखोर ठरला. उपाहारगृह चालवून, देखाव्याच्या कुस्त्या खेळून त्याने दिवस काढले. १९६६ साली गोळी लागून त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. वॉरिक शहरात आज त्याचा पुतळा आहे. पुतळा उभारणे समाजाला नेहमीच सोपे जाते. निवृत्तीनंतरच्या मंगळवारी सकाळी त्या माणसाने काय करावे, हे सांगणे अवघड जाते.

या तुलनेत बक्लीची निवृत्ती किती शांत होती! त्याने तीनशे हा आकडा गाठला, आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर अखेरची लढत जिंकली आणि तो बाजूला झाला. कोणत्याही अजिंक्यपदाने त्याची फसवणूक केली नाही, कारण आपण काय विकतो आहोत हे त्याला ठाऊक होते. तारुण्यात त्यानेही मिडलंड्स विभागाचे अजिंक्यपद जिंकले होते. म्हणजे स्वप्न त्यालाही पडले होते. पुढे त्याने ते घडी करून ठेवले आणि कामाला लागला. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत असे कर्ते पुरुष आणि स्त्रिया आहेत, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

रकाना कोणता?

हा खेळ असावा की नसावा, यावर मतभेद आहेत. ब्रिटिश वैद्यक संघटनेने त्याच्या बंदीची मागणी केलेली आहे. रोममधील येशूसंघीयांच्या 'ला चिविल्ता कात्तोलिका' या नियतकालिकाने २००५ साली व्यावसायिक मुष्टियुद्ध नैतिकदृष्ट्या असमर्थनीय असल्याचे मत कठोर शब्दांत मांडले. त्या मताचे वजन आम्ही नाकारीत नाही; प्रतिस्पर्ध्याला इजा करणे हेच ज्यात यश मानले जाते, त्या खेळाविषयी अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खेळ वाईट आहे एवढे म्हणून आपण मोकळे झालो, तर तो खेळून पोट भरणारा माणूस आपल्या नजरेतून निसटतो. त्याला मालक नाही, कारण कायद्याने तो स्वतंत्र व्यावसायिक. आयोजकाकडून आजारपणाची पगारी रजा नाही, की निवृत्तिवेतन नाही. सर्वांच्या विजयाचा पाया रचणारा माणूस अखेरीस एकटा घरी जातो.

यावर काही उपाय निघू शकतो काय? एक लहानसा दाखला अमेरिकेत आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९८२ साली व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला. सामन्याच्या प्रत्येक तिकिटामागे काही सेंट त्या निधीत जमा होतात आणि पात्र योद्ध्यास वयाच्या पन्नाशीनंतर त्यातून रक्कम मिळते. रक्कम फार मोठी असते असे नाही. परंतु पात्रता कशी ठरते ते पाहा : त्या राज्यात किमान ७५ फेऱ्यांच्या लढती केलेल्या असाव्या लागतात. किती लढती जिंकल्या, हे कोणी विचारीत नाही. तेथे फेऱ्या मोजतात.

तीनशे लढतींच्या वहीत आम्हांस हाच रकाना शोधायचा होता. विजयाचा रकाना प्रेक्षकांसाठी असतो, पराभवाचा वर्तमानपत्रांसाठी. घंटा वाजल्यावर कोण किती वेळा उठून उभा राहिला, याचा रकाना मजुरीसाठी असतो; आणि न्यायाने मोजायचा तो हाच. बर्मिंगहॅमच्या त्या रात्री पंचाने बक्लीचा हात उंचावला, हे ठीकच झाले. तो उंचावला नसता, तरी त्याची मजुरी त्याने पूर्ण मिळवलेली होती.